झुमोच्या पोटात काय, कार्डावर काय: बाइकच्या नॅव्हिगेटरचे नकाशे सांभाळण्याची रीत

फोन असताना बाइकवर वेगळा नॅव्हिगेटर कशाला, हा वाद इथे घालत नाही. भर पावसात हातमोजे घालून फोनची स्क्रीन चालवून बघितलेल्याला उत्तर माहीत असतं. मोठ्या इंजिनाच्या थरथरीने आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो, असं खुद्द ॲपलने २०२१ मध्ये सांगितलं होतं. आणि इथलं प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, हे तिकडे जाऊन आलेला प्रत्येक जण सांगतो. तेव्हा ज्यांनी उपकरण घेतलंय, किंवा अमेरिकेतल्या भावाकडून मागवलंय, त्यांच्यासाठी हा लेख आहे.

उदाहरणाला गार्मिन कंपनीचा बाइकसाठीचा नॅव्हिगेटर, झुमो एक्सटी घेतो. २०२० साली आलेलं साडेपाच इंची स्क्रीनचं यंत्र, आत ३२ जीबी साठवण आणि वर मायक्रोएसडी कार्डाची सोय. बाकीच्या झुमोंना यातलं बरंचसं तसंच लागू पडतं, फक्त मेनूतली नावं थोडी इकडेतिकडे होतात.

सुरुवातीलाच एक आग्रह. कंपनीचा नकाशा आतल्या मेमरीत राहू द्या आणि आपण बाहेरून आणलेलं सगळं कार्डावर ठेवा. एवढी वाटणी सांभाळली की निम्म्या कटकटी उद्भवतच नाहीत. काही बिघडलं तर कार्ड काढून बघायचं. तरीही तोच दोष दिसला तर गडबड आतली आहे, नाहीतर कार्डावरची. इतकं साधं निदान दुसऱ्या कुठल्याच पद्धतीत मिळत नाही.

यंत्र कुठलं, नकाशा कुठला

युरोपात विकल्या गेलेल्या झुमोत युरोपचा नकाशा असतो, अमेरिकेतल्या यंत्रात उत्तर अमेरिकेचा. त्यासोबत 'लाइफटाइम' अपडेट मिळतात, पण ती त्याच प्रदेशाची आणि त्याच यंत्रापुरती. न्यू जर्सीहून आलेल्या यंत्रावर तो हक्क वापरून भारताचा नकाशा फुकट मिळेल, ही आशा सोडा. 'लाइफटाइम'चा अर्थही कंपनीच्या लेखी ठरलेला आहे: यंत्र चालेल तोवर, किंवा नकाशाची माहिती पुरवणारा ती गार्मिनला देत राहील तोवर, यातलं जे आधी संपेल ते.

भारतासाठी मग दोन वाटा राहतात. गार्मिनचा 'सिटी नॅव्हिगेटर इंडिया' वेगळा विकत घ्यायचा, किंवा ओपनस्ट्रीटमॅपच्या, म्हणजे लोकांनीच भरलेल्या खुल्या नकाशाच्या, माहितीवरून बनवलेला फुकट नकाशा चढवायचा. दुसऱ्या वाटेबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय.

परदेशातून यंत्र मागवताना एक गोष्ट नीट बघा. गार्मिनची काही यंत्रं 'इनरीच' सोयीची असतात, म्हणजे थेट उपग्रहातून संदेश पाठवणारी. भारतात अशी यंत्रं परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत आणि विमानतळावर ती पकडली गेल्याने पर्यटकांना पोलिसांना तोंड द्यावं लागलंय. झुमो एक्सटी नुसता उपग्रहांचे संकेत ऐकतो, पाठवत काही नाही, त्यामुळे त्याला ही अडचण नाही. भावाने 'हेही घेऊन टाकलं' म्हणत दुसरं काही आणलं तर मात्र आधी मॉडेल तपासा.

यंत्र जुनं, वापरलेलं घेताय? आधीच्या मालकाला त्याच्या गार्मिन खात्यातून ते काढून टाकायला सांगा, आणि सॉफ्टवेअर शेवटचं कधी अपडेट झालं ते विचारा. जीपीएसच्या जुन्या संकेतात आठवड्याचा आकडा १०२३ पर्यंतच मोजला जातो आणि मग शून्यावर येतो. असा फेरा ६ एप्रिल २०१९ ला पूर्ण झाला. त्याआधीच्या सॉफ्टवेअरवर अडकलेल्या काही जुन्या यंत्रांची तारीख त्यामुळे भलतीच होऊन बसते. म्हणून जुन्या यंत्रावर आधी सॉफ्टवेअर, मगच नकाशा.

अपडेटला बसण्याआधी

नकाशाचं अपडेट वाय-फायवरूनही होतं. सेटिंग्जमध्ये 'अपडेट्स'वर जाऊन नकाशा आणि सॉफ्टवेअर वेगवेगळं निवडता येतं. सॉफ्टवेअरचं छोटं अपडेट असेल तर खुशाल वाय-फायवर करा. अख्ख्या नकाशाला मात्र मी संगणक आणि त्यावरचा कंपनीचा अपडेटचा प्रोग्रॅम, 'गार्मिन एक्सप्रेस'च वापरतो. काही जीबींची फाइल असते, घरचा राउटर मध्येच डुलकी घेतो, आणि यंत्राला तितका वेळ चार्जरवरही ठेवावं लागतं.

तयारी अशी करा. 'गार्मिन एक्सप्रेस' विंडोज किंवा मॅकवर टाका. संगणकाच्या मुख्य ड्राइव्हवर भरपूर मोकळी जागा ठेवा, कारण नकाशा आधी तिथे उतरतो, तिथे उलगडतो आणि मग यंत्रावर जातो. नकाशाच्या आकाराच्या दुप्पट जागा असेल तर निश्चिंत. लॅपटॉप झोपी जाण्याची सेटिंग बंद करा, झाकण मिटू नका. केबल डेटाची हवी. एक्सटीला मायक्रो यूएसबी लागते आणि घरात पडलेल्या अशा केबलींतल्या कितीतरी नुसत्या चार्जिंगच्या असतात. त्या जोडल्या की यंत्र चार्ज होताना दिसतं, पण एक्सप्रेसला ते सापडतच नाही. यूएसबी हब मध्ये घालू नका, थेट लॅपटॉपच्या खाचेत जोडा. गावाकडे वीज जायची शक्यता असेल तर राउटर इन्व्हर्टरवर आहे ना ते बघून घ्या. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहील, पण राउटर बंद पडला की उतरवणं थांबणार.

मग यंत्रातलं 'जीपीएक्स' फोल्डर अख्खं संगणकावर उतरवून तारखेचं नाव देऊन ठेवा. आवडती ठिकाणं, आखलेले रूट, फिरून आलेले ट्रॅक अशी आपली खरी कमाई तिथे असते. नकाशा हरवला तर पुन्हा मिळेल, पण स्पितीत कुठल्याशा वळणावर सापडलेल्या चहाच्या टपरीची खूण दुसरीकडे कुठे नसते.

एक्सटी विंडोजवर जोडला की पेनड्राइव्हसारखं अक्षर न दिसता फोनसारखं उपकरण दिसतं. मॅकवर फाइंडरमध्ये तो आपोआप उघडत नाही. एक्सप्रेस त्याच्याशी बोलू शकतं, पण फाइली हाताने काढायच्या तर एमटीपी (फोनसारख्या उपकरणांशी फाइलींची देवाणघेवाण करायची पद्धत) समजणारं वेगळं ॲप लागतं. जुने झुमो दोन्हीकडे साध्या ड्राइव्हसारखे उघडतात.

प्रत्यक्ष अपडेट

एक्सप्रेस उघडा, यंत्र जोडा, पहिल्यांदा असेल तर 'ॲड अ डिव्हाइस' करून आपल्या खात्याला जोडून घ्या. उपलब्ध अपडेटची यादी येते. इथे सगळं एकदम चढवण्याचं मोठं बटण समोर असतं आणि हात तिकडेच जातो. ते दाबू नका. तपशील उघडा, आधी सॉफ्टवेअर चढवा, यंत्र पुन्हा सुरू होऊ द्या, मग नकाशाकडे वळा.

नकाशाच्या पर्यायांत दोन गोष्टी बघायच्या. एक, नकाशा फक्त यंत्रावर टाकायचा की संगणकावरही. बेसकॅम्पमध्ये, म्हणजे गार्मिनच्या संगणकावरच्या रूट आखायच्या प्रोग्रॅममध्ये, रूट आखत असाल तर संगणकावरही टाकाच. कारण पुढे येतंय. दुसरी, पूर्ण प्रदेश की त्यातला भाग. जागा पुरत असेल तर पूर्ण घ्या. आतली जागा कमी पडत असेल आणि कार्ड घातलेलं असेल तर एक्सप्रेस कार्डाचा आधार घेऊ शकतं, नाहीतर लहान प्रदेश निवडायला सांगतं. युरोपचं यंत्र असलेला, जर्मनीत राहणारा कुणी फक्त आल्प्समध्ये फिरणार असेल तर त्याला मध्य युरोप पुरेल. पण पुढच्या वर्षी नॉर्वे गाठायचं ठरलं तर हा सगळा खटाटोप पुन्हा, हे ध्यानात ठेवा.

यानंतर धीर धरायचा. प्रगतीची पट्टी एका जागी बराच वेळ खिळून राहते, 'उरलेला वेळ' दोन तासांवरून वीस मिनिटांवर येतो आणि पुन्हा तासावर जातो. शेवटी शेवटी पट्टी भरलेली दिसते, तरी काम चालूच असतं. उलगडलेला नकाशा यंत्रावर लिहिला जात असतो. या टप्प्यावर लोक केबल ओढतात आणि मग यंत्र 'नकाशे उघडता येत नाहीत' अशा अर्थाचा निरोप दाखवतं. एक्सप्रेस स्वतः 'झालं' म्हणेपर्यंत हात लावू नका. आणि निघायच्या आदल्या रात्री हे उद्योग अजिबात नकोत. मनाली–लेहच्या मोसमासाठी मे महिन्यात, आपल्याकडच्या भटकंतीसाठी पाऊस ओसरल्यावर, दिवाळीच्या आधी. अपडेट आणि प्रवास यांत निदान एक आठवडा ठेवा, म्हणजे घराजवळच्या फेरीत चूक पकडता येते.

कार्ड: इथे घाई नको

झुमोला कार्ड 'फॅट३२' पद्धतीने फॉरमॅट केलेलं लागतं. ३२ जीबीपेक्षा मोठी कार्डं दुकानातून 'एक्सफॅट' होऊनच येतात, आणि विंडोजची नेहमीची फॉरमॅट खिडकी ३२ जीबीच्या वर फॅट३२ चा पर्यायच देत नाही. मोठं कार्ड घेतलं तर ते झुमोतच घाला आणि यंत्राच्या सेटिंग्जमधून फॉरमॅट करा. एक्सटी २५६ जीबीपर्यंतचं कार्ड चालवतो, पण इतक्याची गरज क्वचितच लागते. नकाशांना ३२ जीबीचं चांगल्या कंपनीचं कार्ड पुष्कळ झालं. त्यावर २९ पॉइंट काहीतरी जीबीच दिसले तर दुकानदाराला दोष देऊ नका. कार्डवाले हजाराने मोजतात आणि संगणक १०२४ ने.

फॅट३२ ची एक हद्द लक्षात ठेवा. एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होऊ शकत नाही. त्यामुळे मोठ्या खंडाचा फुकट नकाशा एकाच फाइलीत मिळत नाही, तुकडे करून घ्यावा लागतो. कार्डावर इतकी जागा मोकळी असताना फाइल चढत का नाही, या प्रश्नाचं उत्तर बहुतेकदा हेच असतं.

स्वस्तातलं बनावट कार्ड बाइकवर हमखास दगा देतं. सतत थरथर, टँकबॅगजवळची उष्णता, मग घाटातला गारठा. नवीन कार्ड एकदा काठोकाठ भरून, फाइली परत वाचून बघा. वर लिहिलेल्यापेक्षा आत कमी जागा असली तर तेव्हाच कळतं. यंत्र पाण्याला दाद देत नाही हे खरं, पण सगळी झाकणं घट्ट बसलेली असतील तरच. अपडेट झाल्यावर झाकण अर्धवट लावून पावसात निघालेली यंत्रं दुरुस्तीच्या टेबलावर येतात.

फुकटचा नकाशा चढवणं

बीबीबाइकसारख्या संकेतस्थळावर नकाशावर चौकोन आखायचा, प्रकार म्हणून गार्मिनचा पर्याय निवडायचा, आणि थोड्या वेळाने तयार फाइल ईमेलच्या दुव्यावरून उतरवायची. ज्यांना अख्खा देश हवा त्यांनी देशवार तयार फाइली देणारी स्थळं शोधावीत. निवडताना एकच खात्री करा: नकाशा 'रूटेबल' हवा. नाहीतर रस्ते दिसतील, पण यंत्र वाट दाखवणार नाही.

झिप उघडली की 'जीमॅपसप डॉट आयएमजी' नावाची फाइल मिळते. कार्डावर 'गार्मिन' नावाचं फोल्डर करून त्यात ती ठेवा. जुन्या झुमोंना फाइलीचं हेच नाव लागतं, म्हणून एका कार्डावर असा एकच नकाशा ठेवता येतो. नव्या यंत्रांवर नाव बदललेलं चालतं. 'हिमाचल', 'लडाख', 'नेपाळ' अशी इंग्रजी अक्षरांत नावं आणि पुढे महिना-वर्ष लिहिलं की पुढच्या वर्षी कुठली फाइल शिळी ते बघताक्षणी कळतं. भूतान-नेपाळला जाणाऱ्यांनी आपला विकतचा नकाशा सीमेपलीकडे किती जातो ते आधीच बघावं. तिथे हा फुकटचा तुकडा कामी येतो.

यंत्रात कार्ड घाला, सेटिंग्जमध्ये 'मायमॅप्स' उघडा. आतले आणि कार्डावरचे सगळे नकाशे खुणेच्या चौकटींसह दिसतात. एकाच प्रदेशाचे दोन नकाशे एकाच वेळी चालू ठेवू नका. एक रस्ता दुसऱ्याखाली झाकला जातो आणि यंत्र कुठल्या नकाशावरून वाट काढतंय ते समजेनासं होतं. भारतासाठी विकतचा चालू असेल तर फुकटचा बंद, आणि उलट.

फुकटच्या नकाशाचं बळ वेगळ्या जागी आहे. पायवाटा, कच्चे रस्ते, खिंडी, पाण्याचे टाके यांत तो पुष्कळदा सरस ठरतो, कारण ते तिथे जाऊन आलेल्यांनी भरलेलं असतं. पत्ता शोधण्यात मात्र तो कमकुवत आहे. 'सदाशिव पेठ, अमुक नंबर' टाकून भागणार नाही, अक्षांश-रेखांश किंवा जवळचं ठिकाण द्यावं लागतं. लेनची खूण, वेगमर्यादा याही बाबतीत फार अपेक्षा नको.

जागा कमी पडली तर काय काढायचं

पहिला मान उपग्रह-चित्रांचा. एक्सटीवर ती थेट वाय-फायवरून उतरवता येतात आणि गुपचूप जागा खातात. गेल्या वर्षीच्या फेरीची चित्रं आज कशाला? मग जुने ट्रॅक, संगणकावर ठेवून इथून काढा. नंतर नको असलेल्या भाषांचे आवाज. तुम्हाला फिनिश बाईचा आवाज लागणार नाही, पण इंग्रजीचा एक तरी ठेवा, नाहीतर यंत्र मुकं होईल. वाहनांची चित्रं, मदतीच्या पुस्तिका याही काढता येतात, फक्त त्यांतून मिळणारी जागा नगण्य.

काय काढायचं नाही, ते जास्त महत्त्वाचं. 'जीमॅपबीमॅप डॉट आयएमजी' हा मूळ आधाराचा नकाशा, 'जीमॅपप्रॉम' नावाच्या फाइली, त्याच नावाच्या पण शेवटी 'युएनएल' किंवा 'जीएमए' असलेल्या इवल्याशा फाइली (त्याच नकाशाचं कुलूप उघडतात), आणि 'गार्मिनडिव्हाइस डॉट एक्सएमएल'. कशाबद्दल शंका आली तर राहू द्या. काढायचंच असेल तर आधी संगणकावर प्रत घ्या.

मॅकवाल्यांसाठी एक खोच. जुन्या झुमोवरून फाइल काढून टाकली तरी ती यंत्रावरच्याच लपलेल्या कचऱ्यात पडून असते. यंत्र जोडलेलं असतानाच ट्रॅश रिकामी करा. त्याशिवाय जागा मोकळी होत नाही.

नवा नकाशा, जुने रूट

याबद्दल फार कमी बोललं जातं आणि चुकलेल्या वळणांचं मूळ बरेचदा इथेच असतं. तुम्ही बेसकॅम्पमध्ये आखलेला रूट म्हणजे मोजके बिंदू आणि त्यांच्यामधली वाट. ती वाट ज्या नकाशावर काढली तोच नकाशा यंत्रात असेल तर ती जशीच्या तशी राहते. आवृत्ती वेगळी दिसली की यंत्र बिंदू तेवढे धरतं आणि मधली वाट स्वतःच्या मनाने पुन्हा काढतं. तुम्ही मुद्दाम घेतलेला ताम्हिणी घाट जाऊन सरळ महामार्ग येतो.

उपाय तीन. संगणकावर आणि यंत्रावर एकच आवृत्ती ठेवा. हवी ती वाट पक्की करायला मध्ये 'शेपिंग पॉइंट' टाका, घाटाच्या सुरुवातीला एक, माथ्यावर एक, उतरल्यावर एक. आणि रूटबरोबर त्याचाच ट्रॅकही पाठवा. ट्रॅक म्हणजे नकाशावर आखलेली नुसती रेघ, ती कुठल्याही अपडेटने बदलत नाही. स्क्रीनवर ठळक रंगात ती दाखवली की यंत्राचा सल्ला आणि तुमची रेघ कुठे फुटतात ते चालवता चालवता दिसतं. एक्सटीवर ट्रॅकचा रूटही करून घेता येतो.

नकाशा खरंच ताजा झाला का?

'अपडेट पूर्ण' असा निरोप म्हणजे फाइली चढल्या, इतकंच. आतला मजकूर तपासायला माझ्या काही ठरलेल्या वाटा आहेत. मनाली ते केलाँग विचारायचं. नकाशाने अटल बोगदा धरला पाहिजे. ९.०२ किलोमीटरचा हा बोगदा ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला, तरी वाट रोहतांगवरून गेली तर तुमच्याकडे शिळा माल आहे (किंवा बोगदे टाळायची सेटिंग चालू आहे, तीही बघा).

दुसरी परीक्षा उलटी. शिवडी ते न्हावाशेवा विचारा. जवळपास २२ किलोमीटरचा अटल सेतू जानेवारी २०२४ पासून चालू आहे, म्हणून नकाशावर तो दिसला पाहिजे, पण वाहन म्हणून मोटारसायकल निवडलेली असताना वाट त्यावरून जाता कामा नये, कारण दुचाकींना तिथे बंदी आहे. नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग, मुंबई–पुणे एक्सप्रेसवे, वांद्रे–वरळी सागरी सेतू, सगळीकडे तोच नियम. यातल्या एका जरी रस्त्यावर यंत्र बाइक घालत असेल, तर अपडेटनंतर वाहनाचा प्रकार कारवर गेलाय का ते आधी बघा. प्रकार बरोबर असूनही चूक राहिली, तर नकाशातच दुचाकीबंदी नोंदलेली नाही.

अशा वेळी 'कस्टम अव्हॉइडन्स'मध्ये तो रस्ता टाळायला सांगता येतं. मुंबई–पुण्यात मात्र सांभाळून. खंडाळ्याच्या घाटात जुना महामार्ग आणि एक्सप्रेसवे काही अंतर एकाच रस्त्यावर येतात, आणि बाइकलाही तिथूनच जावं लागतं. अख्खा एक्सप्रेसवे टाळा म्हणालात तर यंत्र घाट सोडून भलतीकडे वळवेल. टाळायचा भाग घाटाच्या अलीकडे वेगळा आणि पलीकडे वेगळा आखा. सरसकट 'हायवे टाळा' केलंत तर जुना महामार्गही हातचा जाण्याची शक्यता आहे.

मध्येच अडकलं तर

केबल सुटली, वीज गेली, यंत्र नकाशाविना सुरू झालं: घाबरून फॅक्टरी रिसेट करू नका, त्याने नकाशा परत येत नाही आणि तुमच्या खुणा मात्र जातात. कार्ड काढा. यंत्र पूर्ण चार्ज करा. दुसऱ्या केबलीने, दुसऱ्या खाचेत जोडा. एक्सप्रेसमध्ये नकाशाच्या पर्यायांत जाऊन तोच नकाशा पुन्हा चढवा. नवीन आवृत्ती नसली तरी 'रीइन्स्टॉल' मिळतं. ते झालं, यंत्र नीट सुरू झालं, 'मायमॅप्स'मध्ये नकाशा दिसला, की मग कार्ड परत घाला आणि आधी उतरवून ठेवलेलं 'जीपीएक्स' फोल्डर तपासून जे गेलं असेल तेवढंच परत टाका.

प्रवासात असं झालं आणि लॅपटॉप बरोबर नसेल, तर हॉटेलच्या वाय-फायवर अख्खा नकाशा उतरवायच्या भरीस पडू नका. कार्डावरचा फुकटचा नकाशा 'मायमॅप्स'मधून चालू करा आणि पुढे निघा. तो एक सुटा नकाशा कार्डावर कायम ठेवावा, वापरात असो वा नसो, आणि निघण्यापूर्वी पाच मिनिटं एकट्या त्याच्यावर वाट काढून बघावी.